अर्धं धान्य, अर्धा अर्क

हार्लन झास्त्रोने आयुष्यात एकदाच चोरी केली, आणि तीही स्वतःच्या पैशाने विकत घेतलेल्या डब्यांची.

आता विकत घेतलेल्या वस्तूची चोरी कशी होते, असं विचाराल. पण जो माणूस तीस वर्षं माझ्या दुकानात उभा राहून त्या डब्यांची टिंगल करत आला, तोच लांब ग्रीन बे शहरात जाऊन ते घेऊन येतो, कोटाच्या आत लपवतो आणि इकडेतिकडे बघत जिना चढतो, तेव्हा दुसरं काय म्हणायचं? मी काचेतून सगळं बघत होते. माझं हार्डवेअरचं दुकान त्याच्या जिन्याच्या बरोबर समोर आहे. पुढे खिळे, नळ, बर्फ काढायची फावडी, आणि मागच्या खोलीत बिअर करणाऱ्यांचं सगळं सामान. माझ्या नवऱ्याने हौसेने सुरू केलं होतं, तो गेला आणि ते माझ्या गळ्यात पडलं. त्यामुळे कोटाखालचा तो गोल फुगवटा कसला, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

हार्लन आणि त्याचा थोरला भाऊ विल्बर्ट, म्हणजे त्याचा विल, दोघंही क्रेनच्या कारखान्यात वेल्डर. विल्बर्टचं लग्न झालं, एक मुलगी झाली, बायको लवकर गेली. हार्लनचं लग्न झालंच नाही. का नाही, हे गावात एकदोघींना ठाऊक आहे, पण तो विषय वेगळा. दोघांचं खरं घर म्हणजे विल्बर्टचं गॅरेज. महिन्यातून एका शनिवारी गॅरेजचं दार वर जायचं आणि अख्ख्या गल्लीला भाजलेल्या पावासारखा वास यायचा.

त्यांची पद्धत सगळी धान्यावरची. मोड आणून वाळवलेला सातू, म्हणजे माल्ट, माझ्याकडून पोत्याने न्यायचं. रंगाला थोडं भाजलेलं धान्य आणि ओट्स मिसळून ते चक्कीत भरडायचं, बर्फ ठेवायच्या भल्यामोठ्या पेटीत, ती ऊबही तशीच धरते, गरम पाण्यात भिजत घालायचं, मग तोटी सोडून खालून गोड पाणी काढायचं. ते पाणी हॉप्सची कडू फुलं घालून उकळायचं, गार करायचं, यीस्ट टाकायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण भिजलेल्या धान्याची ती पेटी आणि उकळत्या पाण्याचं ते पातेलं उचलायला दोन दणकट माणसं लागतात. एक "धर" म्हणणारा आणि एक "धरलंय रे बाबा" म्हणणारा.

ज्यांच्याजवळ जागा नाही, ताकद नाही किंवा सवड नाही, त्यांच्यासाठी डब्यात अर्क मिळतो. त्याच गोड पाण्याचा आटवलेला, काकवीसारखा दाट. डबा उघडा, पाण्यात ओता, उकळा, झालं. माझ्या दुकानात कुणी नवखा पोरगा तो डबा हातात घेऊन उभा दिसला, की विल्बर्ट मुद्दाम जवळ जायचा.

"काय रे, आईला बरं नाही का?"

"नाही, आई ठीक आहे. का?"

"नाही, डब्यातलं जेवण नेतोयस म्हणून विचारलं."

हार्लन मागे उभा राहून खो खो हसायचा. कितीदा मी दोघांना झाडू दाखवून बाहेर काढलंय!

आणि एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या या भागात तोंडावर कुणी कुणाची तारीफ करत नाही. केलीच तर "वाईट नाही" एवढंच. माझ्या लग्नाच्या दिवशी माझ्या बापाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "वाईट नाही." मी त्यावर आठवडाभर हवेत होते. झास्त्रो भावांची तर आणखी एक रीत होती. बिअर बाटल्यांत भरायच्या दिवशी, अजून तिला बुडबुडे आलेले नसताना, तशीच कोमट, मंद एकेक घोट घ्यायची. आधी धाकट्याने, मग थोरल्याने. थोरल्याने तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, "पुढच्या वेळी जरा बरी होईल." मग बाटल्या भरायच्या. तीस वर्षं हेच वाक्य. एकदा त्यांच्या बिअरला जत्रेत पहिला नंबर मिळाला, तरी विल्बर्टने ती निळी फीत खिशात कोंबली आणि तेच म्हणाला. मी त्याला विचारलं, "अरे, एकदा तरी चांगली झाली म्हण ना भावाला. जीभ झडेल का तुझी?"

"चांगली झाली म्हटलं तर तो थांबेल," विल्बर्ट म्हणाला. "मग मी शनिवारी काय करू?"

थंडीच्या तोंडावर, हरणाच्या शिकारीच्या दिवसांत विल्बर्टला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. नंतर थोडे शब्द परत आले, तेही एकेक, ओढून काढल्यासारखे. मुलगी ॲरिझोनाहून आली, रडली, तिने त्याला तळ्याकाठच्या शुश्रूषागृहात ठेवलं आणि घर विकलं. तिला दोष देत नाही मी. पण गॅरेजही घराबरोबर गेलं. हार्लनचा खांदा आधीच निकामी झालेला, राहायला न्हाव्याच्या दुकानावर दोन खोल्या, आणि स्वयंपाकाला विजेची चिमुकली शेगडी. ती पेटी आणि ते पातेलं त्याने माझ्या मागच्या खोलीत आणून ठेवलं. "असू दे इथं," म्हणाला. मी म्हटलं, असू दे.

झटक्यानंतर विल्बर्टला पातळ काही गिळता यायचं नाही. पाणी, कॉफी, सूप, सगळ्यात एक पांढरी पूड घालून खळीसारखं घट्ट करून चमच्याने भरवायचे. तो तोंड फिरवायचा. ख्रिसमसनंतर तर दातखीळ बसल्यासारखा ओठ मिटूनच बसू लागला. तिथे त्याला सांभाळायला पाहुआ नावाची मोंग जमातीतली बाई होती, मोठ्या चिकाटीची. ती एकदा वैतागून म्हणाली, "विल्बर्ट, तुम्हाला हवंय तरी काय? सांगा, मी चंद्रावरून आणते."

"बिअर," विल्बर्ट म्हणाला.

डॉक्टरांनी मान डोलावली. म्हणाले, आता द्या काय मागेल ते. म्हणजे काय ते ओळखा. हार्लन त्याच दिवशी दुकानातली चांगल्यातली चांगली बिअर घेऊन गेला. पाहुआने पूड घातली तर भस्सकन फेस येऊन ती टेबलभर सांडली. उरलेली चमच्याने भरवली तर विल्बर्टने थुंकून टाकली. दुसऱ्या दिवशी दुसरी नेली, तीही थुंकली. मग हार्लनकडे बघत, बराच वेळ तोंड हलवत, एकच शब्द बोलला.

"आपली."

हार्लन मला हे सांगायला दुकानात आला तेव्हा बर्फाच्या फावड्यांपाशी उभा राहून ओक्साबोक्शी रडला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस! गिऱ्हाईक होतं, ते हळूच निघून गेलं. मी म्हटलं, "अरे मग कर ना! रडतोस काय?"

"कुठे करू? कशी करू? ती पेटी उचलायला विल लागतो."

"मी आहे."

"तुझी पाठ कशी आहे ते ठाऊक आहे मला," असं म्हणून नाक पुसत तो गेला. आणि त्याच आठवड्यात तो कोटाखाली फुगवटा घेऊन जिना चढताना मला दिसला.

मी गप्प बसले. म्हटलं, येईल आपणहून. आला नाही. काही दिवसांनी जिन्यात हॉप्सचा वास आला, तरी गप्प बसले. शेवटी माझाच धीर सुटला आणि एका दुपारी दुकानाला कुलूप लावून वर गेले. दार उघडंच होतं. हार्लन टेबलाशी बसला होता, समोर पेला, चेहरा असा की घरात कुणी गेलंय. मला बघून त्याने डबे टेबलाखाली पायाने ढकलले.

"दिसले रे, दिसले. आण इकडे पेला."

मी घोट घेतला. शी! जळक्या कॉफीत कुणीतरी कोळसा विझवावा तशी चव.

"डबा कुठला घेतलास?"

"काळा."

"काळा का?"

"आपली बिअर काळपट आहे ना? म्हणून काळा."

मी कपाळाला हात लावला. "आणि तुझं भाजलेलं धान्य? तेही घातलंस?"

"घातलं. नेहमीएवढं."

"अरे देवा! हार्लन, काळ्या डब्यात भाजलेलं धान्य आधीच असतं. ते लोक घालूनच आटवतात. त्यावर तू तुझं घातलंस. दोनदा काळी केलीस ना! डबा नेहमी सगळ्यात फिका घ्यायचा. तो फक्त साध्या माल्टच्या जागी. रंग, चव, सुगंध, ते तुझ्या धान्यातून यायला हवं. हे तर कुठलंही शेंबडं पोर सांगेल. माझ्याकडून डबे नेणारी सगळी पोरं हेच करतात. मला का नाही विचारलंस?"

"तू हसली असतीस."

"हसले असतेच! पोट धरून हसले असते! आणि मग सांगितलंही असतं!"

त्याने टेबलाखालचे डबे पायाने आणखी आत ढकलले. माझा राग गेला तो तेव्हा. गेलेले ते दिवस कुठून परत आणायचे होते त्याला! गावात हसू होईल या लाजेपायी माणूस असले दिवस घालवतो, आणि आमच्यासारख्यांच्या जिभांपायीच घालवतो. पण बोलून काय उपयोग? मी कोट काढला आणि म्हटलं, "चल, कागद घे."

मग आम्ही दोघं त्या टेबलाशी बसून त्यांची गॅरेजवाली बिअर उलगडायला लागलो. अर्धं धान्य, अर्धा अर्क, अशी मधली पद्धत असते. शेगडीवर मावेल तेवढं धान्य कापडी पिशवीत घालून भिजवायचं, बाकीची गोडी डब्यातून घ्यायची. हार्लनला वाटत होतं, साधं माल्ट सगळंच काढून टाकावं आणि पिशवीत फक्त भाजलेलं खास धान्य ठेवावं. मी म्हटलं, "आणि तुमचे ओट्स? ओट्स असेच भिजवलेस तर नुसती पेज होईल. त्यांची साखर व्हायला शेजारी साधं माल्ट लागतं. थोडं तरी ठेव."

"ओट्स विलचे," तो म्हणाला. "मला कधीच नको होते."

"मग आता तर राहणारच."

पुढचा प्रश्न, अर्क किती घालायचा. सगळे सांगतात, चार भाग धान्य काढलं तर तीन भाग अर्क. मी तसं लिहिणार, एवढ्यात मला त्यांची चक्की आठवली.

"हार्लन, तुमच्या चक्कीत धान्य नीट भरडलं जायचं का?"

"छे! अर्धे दाणे अख्खेच पडायचे. विलने ती घट्ट करून दिली तर ना! म्हणायचा, बारीक केलं तर तोटी तुंबते. उरलेला चोथा त्या शेतकरी वॅगनरच्या डुकरांना जायचा."

"म्हणजे अर्धी साखर डुकरांना."

"डुकरं आमच्यापेक्षा मजेत होती," हार्लन म्हणाला, आणि किती दिवसांनी हसला. मग पुसट आवाजात म्हणाला, "एका डुकराचं नाव त्याने हार्लन ठेवलं होतं."

म्हणून अर्क कमी केला. कागदावरचं धान्य किती, हे बघून चालत नाही. त्या माणसांच्या हातून त्यातलं खरं किती उतरायचं, ते बघावं लागतं. हार्लनला गोडी मोजायच्या काचेच्या तरंगत्या नळीवरची खूण आठवत होती, उकळण्याआधी ती कुठवर बुडायची ती. आम्ही तिथून उलटं मोजत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी केली. माझ्या दुकानातला सगळ्यात फिका अर्क, हिशेब न मांडता दिलेला. पिशवीतलं धान्य भिजलं, पण त्या चिमुकल्या शेगडीवर उष्णता एकसारखी राहीना. हार्लन आत गेला आणि विल्बर्टचा शिकारीचा नारिंगी कोट घेऊन आला. पातेलं खाली उतरवून त्याला तो कोट गुंडाळला, बाह्या पुढे आणून गाठ मारली आणि शेजारी खुर्ची टाकून बसला. मधूनमधून कोटावरून हात फिरवून ऊब बघत होता. मी खिडकीशी गेले, मला काही ते बघवेना.

यीस्टला घाई करता येत नाही. बिअर बादलीत बुडबुडत होती आणि तिकडे विल्बर्ट दिवसेंदिवस आत आत जात होता. हार्लन सकाळी बादलीकडे बघायचा आणि दुपारी भावाकडे. पाहुआचा फोन आला तेव्हा मी वरच होते. म्हणाली, कालपासून चमचाही घेत नाहीत, पाय गार पडायला लागलेत, यायचं असेल तर आजच या.

हार्लनने बादलीत ती तरंगती नळी सोडली. खूण खाली येऊन थांबली होती, म्हणजे यीस्टने साखर संपवली होती. बाटल्यांत भरायचा दिवस एकदोन दिवस पुढे होता, पण तो म्हणाला, "आजच. मंदच नेऊ. तशीही आम्ही मंदच प्यायचो." त्याने जॅमची बरणी धुतली, बादलीतून भरून घेतली आणि झाकण लावून कोटाच्या आत धरली. रस्ते निसरडे होते, त्याचे दोन्ही हात बरणीवर, म्हणून गाडी मी चालवली. तळं पांढरं पडलं होतं.

विल्बर्ट उशांच्या आधाराने बसवलेला होता. सगळं अंग आटलेलं, पण डोळे तेच, टवाळ. पाहुआने बरणीतली बिअर पेल्यात ओतून पूड घातली. बुडबुडे नव्हते म्हणून या वेळी ती उतू गेली नाही, मधासारखी घट्ट झाली. हार्लनने आधी स्वतः एक चमचा घेतला. रीत म्हणजे रीत. मग भावाच्या ओठांशी नेला.

"विल. आपली आहे."

ओठ उघडले. विल्बर्टने तो चमचा तोंडात धरला. किती वेळ धरला! पाहुआ पुढे झुकली, गिळतोय ना बघायला. त्याने गिळलं. आम्ही तिघंही त्याच्या तोंडाकडे बघत होतो. हार्लनचा चेहरा तर शाळेतल्या पोरासारखा झाला होता. मला वाटलं, आता ते तोंड वाकडं होणार.

"चांगली," विल्बर्ट म्हणाला. मग दम घेऊन, स्पष्ट म्हणाला, "चांगली झाली."

हार्लनच्या हातातला चमचा पेल्यावर आपटला.

"नाही रे," तो म्हणाला. "नीट घे. पुन्हा घे. विल, डब्यातला अर्क घातलाय त्यात. ऐकतोयस का? डब्यातला! शेगडीवर केलीय, पिशवीत. बोल ना मला. शिव्या घाल. काहीतरी कमी आहे बघ, ओट्स कमी पडलेत. पुढच्या वेळी..."

विल्बर्टने डावा हात उचलला आणि भावाच्या मनगटावर ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "झाली."

आणखी दोन चमचे घेतले त्याने, मग डोळे मिटले. हार्लन पेला हातात धरून संध्याकाळपर्यंत तसाच बसला होता. रविवारी पहाटे विल्बर्ट गेला.

दफनानंतर चर्चच्या तळघरात हॅमचे पाव, बटाट्याचं सॅलड, कॉफी, सगळं नेहमीसारखं झालं. जो तो हार्लनच्या पाठीवर थाप मारून म्हणत होता, छान माणूस होता विल, आणि हार्लन "वाईट नव्हता" म्हणत होता.

बिअर त्याने नंतर एकट्यानेच बाटल्यांत भरली. बर्फ वितळायला लागल्यावर एका सकाळी दोन बाटल्या घेऊन दुकानात आला. मी मागच्या खोलीत, त्या पेटीवरच पेले मांडले. ओतली. रंग हुबेहूब गॅरेजवाला. फेसही तसाच. मी घोट घेतला, आणि घोट गिळेपर्यंत मला कळलं. ती नव्हती. जवळची होती, फार जवळची, पण मागाहून जिभेवर डब्याचा तो गोडसर स्वाद रेंगाळत होता. तीस वर्षं त्यांची बिअर प्यायलेल्या माणसाला तो लपत नाही. आणि जो माणूस दहा हातांवरून अर्क ओळखायचा, त्याला तो लपला असेल?

मी हार्लनकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता.

"मलाही कळलं होतं," तो म्हणाला. "तिथेच. पहिल्या चमच्याला."

"हार्लन..."

"त्यालाही कळलं, जीनेट. जीभ शाबूत होती त्याची."

मग मला वाटलं, कुणीतरी म्हणायला हवं. त्याने नाही तर मी. मी पेला खाली ठेवला, जमेल तेवढं तोंड वाकडं केलं आणि म्हटलं, "पुढच्या वेळी जरा बरी होईल."

हार्लन हसला. खरंच हसला, मान हलवून. मग कोटाच्या खिशातून माझ्या दुकानातली ती धान्याची कापडी पिशवी काढली, धुतलेली, नीट घडी घातलेली, आणि माझ्यासमोर पेटीवर ठेवली.

"म्हणू नकोस ते," तो म्हणाला. "चांगली झाली म्हणालाय तो."

त्याने आपला पेला संपवला, दुसरी बाटली माझ्यासाठी ठेवली आणि रस्ता ओलांडून घरी गेला.